नसलेल्या दाराची सावली

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, मित्रांनो, आणि सध्या पोलीस ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत एका लोखंडी फळीवर पडून आहे. माझ्या अंगावर लाखेचं सील आहे. मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं, तरी इथे कसा आलो ते ऐका.

दहा वर्षं मी अमरावतीत दीक्षाच्या दुकानात होतो. दीक्षा पाट्या आणि फलक तयार करायची. माझ्यातल्या प्रोग्राममधलं चित्र रेघांचं असे, म्हणून कितीही मोठं केलं तरी फुटून धूसर होत नसे. ती आधी सपाट अक्षर लिही. मग त्याच्या कडा मागे ओढी आणि दूरवर एक बिंदू धरून साऱ्या रेघा त्याच्याकडे वळवी. उजेड कोणत्या बाजूने येतो ते ठरवून एक अंग फिकट, दुसरं गडद करी आणि खाली सावली टाकी. बघता बघता अक्षर पाटीतून बाहेर येई. अंजनगाव सुर्जीच्या एका मिठाईवाल्याची पाटी आम्ही केली, तेव्हा गिऱ्हाईकं त्याला विचारत, एवढ्या अक्षरांना पितळ किती किलो लागलं? दीक्षा हसायची आणि माझ्यावरची धूळ ओढणीनं पुसायची. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एके सकाळी हेमचंद्र नावाचे गृहस्थ आले. नांदगाव पेठेकडच्या एका कापड कारखान्याचे ते व्यवस्थापक होते. आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याचा फलक त्यांना हवा होता. छप्पर उचलून वरून पाहिल्यासारखा सगळा हॉल दिसावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी आणलेल्या हॉलच्या नकाशाच्या कागदावर एकच दार होतं. दुसरं त्यांनी पेनानं मागच्या भिंतीत काढून दिलं.

दीक्षानं विचारलं, हे दार आहे ना तिथे?

“बसणारच आहे,” ते म्हणाले. “तपासणी आठ दिवसांवर आलीय. तुम्ही फक्त खरं वाटेल असं काढा.”

दीक्षानं तो कागद स्कॅन करून माझ्यात घेतला. मग तिनं माउस हातात घेतला. मित्रांनो, ते दार आम्ही फार सुरेख काढलं. चौकटीला जाडी दिली, कडीला चमक दिली. दार अर्धवट उघडं ठेवून बाहेरचा उजेड जमिनीवर पाडला, फळीची सावली भिंतीवर टाकली आणि त्या दाराकडे जाणारा हिरवा बाण काढला. तपासायला आलेल्यांनी फलकच पाहिला आणि तपासणी पार पडली. हेमचंद्रांनी फोन करून कौतुक केलं.

दीक्षाची मावशी, पार्वताबाई, त्याच कारखान्यात कामाला होती. पुढच्या आठवड्यात ती दुकानात आली आणि माझ्या पडद्यावर ते चित्र पाहून थबकली.

“तथी दरवाजा कुठी हाये वो?” ती म्हणाली. “तथी त भित हाये. अन् नव्या पोरीयले मुकादम हेच दाखवून राहिला.”

दीक्षानं लगेच फोन लावला आणि फलक काढून टाका म्हणून सांगितलं. दार बनायला टाकलंय, बघतो, असं उत्तर आलं. तिनं आणखी दोनदा फोन केला. नंतर लग्नसराईची कामं आली आणि ती त्यात बुडाली. ती फाईल मात्र माझ्या पोटात होती. तिच्यावरून दुसरी चित्रं उघडत, बंद होत, आणि ते दार आत तसंच अर्धवट उघडं राही.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, कारखान्यात कापसाच्या रुईनं पेट घेतला. पार्वताबाईनं हाताला लागतील तेवढ्या बाया पुढच्या दारानं बाहेर ओढल्या. चंदा आणि आरती या दोघी नव्या होत्या, कामाला लागून आठ दिवस झालेल्या. त्या धुरात फलकावरच्या बाणाप्रमाणे मागच्या भिंतीकडे गेल्या. बाहेरून भिंत फोडून त्यांना काढलं. आरती वाचली नाही.

महिन्यानं चंदा दुकानात आली. तिचा आवाज बसलेला होता.

“ताई, तो दरवाजा कोनं काढला?”

“मी,” दीक्षा म्हणाली.

“लय खरा दिसे. आरती बोर्डाकडे पाहून मले म्हने, चाल, बाहेरचं ऊन दिसून राहिलं.”

चंदा गेल्यावर दीक्षानं दुकानाचं शटर ओढलं, माझ्या तारा काढल्या आणि मला ऑटोत घालून स्वतः ठाण्यात घेऊन आली. तिच्यावरही गुन्हा येईल, असं साहेबांनी बजावलं. मला ठाऊक आहे, म्हणाली. हेमचंद्रांचा पेनानं काढलेला कागद, तारखा, ते चित्र, सगळं माझ्यात आहे. खटला उभा राहील तेव्हा मी बोलेन.

मित्रांनो, तुमच्याही हाती माझ्यासारखं यंत्र येईल. त्याच्यावर धूळ बसू देऊ नका, आणि खोटं ते खरं दिसावं म्हणून त्याला राबवू नका. सावली कशी टाकायची ते मला येतं. ती कशाची आहे हे मला कळत नाही. ते माणसानं जाऊन बघायचं असतं. नांदगाव पेठ दुकानापासून अर्ध्या तासावर होतं, आणि दीक्षाची स्कूटी दारातच उभी असायची.