बिल्ला न घेणारा माणूस

वागाडुगूत माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या तोंडाकडे बघू नये, तो सायकल कशी सोडून जातो ते बघावं. धान्यबाजाराच्या उत्तर दारापाशी, छपराखाली, मी बावीस वर्षं लोकांच्या सायकली राखतोय आणि हेच बघतोय. सायकल लावून दोनदा मागे वळून बघतो, त्याचं नुकतंच लग्न झालेलं असतं किंवा तो नुकताच फसलेला असतो. दुसऱ्याच्या सायकलीवर आपली रेलवून निघून जातो तो सरकारी कारकून. भार दुसऱ्यावर टाकायची त्याला सवयच असते. जी बाई जाण्याआधी कमरेच्या कापडाने सीट पुसते, तिने ती सायकल स्वतःच्या कमाईतून घेतलेली असते.

माझी रीत सरळ. पत्र्याचा एक बिल्ला हँडलला, त्याच आकड्याचा जोडीचा बिल्ला गिऱ्हाइकाच्या हातात. परत येताना बिल्ला दाखवा, पंचवीस फ्रँक टेकवा, सायकल न्या. बिल्ला नाही तर सायकल नाही. खुद्द माझ्या सासऱ्याला मी एकदा बिल्ला सापडेपर्यंत उन्हात बसवलं होतं. बायको अजून ते काढते.

बिल्ला न घेणारा माणूस एकच, पारे लासाना. फिरता शिंपी. मागच्या कॅरिअरवर शिवणयंत्र बांधलेलं, एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात मोठी कात्री, ती नुसती हवेत वाजवत चालायचा. मोपेडींच्या लोंढ्यातून, हिरव्या टॅक्सींच्या नाकासमोरून तो असा जायचा की त्या कात्रीच्या आवाजाला लोक आपसूक वाट द्यायचे. घंटी वाजवून मला कधी कुणी वाट दिलेली नाही.

पारे सामो जमातीचा, मी मोसी जमातीचा. सामो आणि मोसी यांचं नातं थट्टेचं, खापरपणजोबांच्या काळापासून ठरलेलं. एकाने दुसऱ्याला गुलाम म्हणावं, त्याच्या ताटातलं मटण उचलावं, त्याच्या बापाच्या मयतीत जाऊन बापाची नक्कल करावी; दुसऱ्याने रागवायचं नाही. रागावला तर नाक त्याचंच कापलं जातं.

म्हणून पारे सायकल लावायचा, कुलूपही घालायचा नाही, आणि मी बिल्ला पुढे केला की म्हणायचा, "मालकानं गुलामाकडून पावती घ्यायची असते का रे?" सामो कुत्रं खातात, म्हणून मी म्हणायचो, कुत्र्याचं डोकं खाणाऱ्यांना आकडे कुठले वाचता यायला. आजूबाजूची शेंगदाणेवाली, भज्यांची बाई, सगळ्या हसायच्या. खोटं कशाला बोलू, दिवसभरात माझ्या वाट्याला येणारी मजा तेवढीच होती.

उन्हाळ्यात एकदा पारेच्या यंत्राचं चाक अडकलं. सायकल माझ्याकडे टाकून, यंत्र खांद्यावर घेऊन तो आत मिस्त्रीकडे गेला. अर्धा तास झाला असेल. निळ्या सदऱ्यातला एक जण आला. हा माणूस तीन-चार दिवस शेंगदाणेवालीशेजारी बसलेला मी पाहिला होता. पाहिला आणि मोजला नाही. त्याने लांबूनच आवाज दिला, "ए गुलामा, मालकाची सायकल काढ. लासानाकाका मिस्त्रीकडे अडकलाय, मला दोरा आणायला पाठवलंय. आणि हात चालव, नाहीतर मोसी गाढवावर बसूनसुद्धा उशिरा पोचतो हे बाजारभर सांगेन."

बायका हसल्या. मीही हसलो. कुत्र्याच्या डोक्याचं उत्तर फेकलं, सायकल बाहेर काढली, आणि वर सीटवरची धूळ झटकून दिली. बिल्ला मागायचा कशाला? त्या सायकलीला बिल्लाच नव्हता. दुपारी कचेऱ्या सुटल्या होत्या. तो चौकात शिरला आणि हजार चाकांत दोन चाकं मिसळून गेली.

पारे परत आला तेव्हा बाजार समितीचे चिटणीस इल्बुदो माझ्याशेजारी वही घेऊन उभे होते. त्यांचा नियम मला पाठ होता: एक सायकल हरवल्याची तक्रार आली की छप्पर दुसऱ्याला. तिघे जण टपून होते. पारेने खांद्यावरचं यंत्र खाली ठेवलं, रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अजून त्याने तोंड उघडलं नव्हतं. 'पारे, माझी चूक झाली' एवढंच मला म्हणायचं होतं. त्याऐवजी मी, सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणालो, "मालक, सायकल कंटाळली तुला. म्हणाली, कुत्रं खाणाऱ्याला वाहण्यापेक्षा पळालेली बरी. गेली बघ पळून."

सगळे हसले. इल्बुदोही हसले. पारे माझ्याकडे किती वेळ बघत होता ते सांगता येणार नाही. मी सगळं मोजतो, ते मोजलं नाही. मग तो हसला. हसणं त्याला भागच होतं.

"बरं केलंस गुलामा," तो म्हणाला. "तुझ्याजवळ राहून तिलाही दिवसभर नुसतं उभं राहायची सवय लागली होती."

लोक आणखी हसले. इल्बुदोंनी वहीत 'तक्रार नाही' असं लिहिलं. पारेने यंत्र डोक्यावर घेतलं आणि चालत निघाला. त्याचं घर ताम्पुयला, तिथून नऊ किलोमीटर.

त्यानंतर तो रोज पायी दिसायचा. यंत्र डोक्यावर, दोन्ही हात यंत्राला, कात्री कमरेला खोचलेली. कात्री वाजल्याशिवाय शिंपी आला हे गल्लीला कळणार कसं? लोक म्हणत, पारेचं काम निम्म्यावर आलंय. माझ्यासमोरून जाताना मात्र तो एक टोमणा टाकायचाच. मी उत्तर द्यायचो. बायका हसायच्या.

एका रविवारी मी माझी स्वतःची सायकल घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं, आणि आत निघून गेली. पारे म्हणाला, गुलामाच्या सायकलवर मालक बसला तर पूर्वज थुंकतील. मी म्हणालो, "लासाना, मी आता थट्टा करत नाहीये."

त्याने हात वर केला. "सुरुवात तू केलीस. त्या दिवशी चार माणसांत तू मला हसायला लावलंस. आता रडायची परवानगी कुठून आणू?"

सायकल घेऊन मी परत आलो.

पावसाळ्याआधी समितीने माझ्या छपरावरचं गवत काढून पत्रा घातला. बावीस वर्षांत एकही सायकल हरवली नाही, असं इल्बुदो भाषणात म्हणाले. वही बघितली तर खरंच आहे. जिला बिल्ला नव्हता ती सायकल आलीच नव्हती. आली नाही ती जाणार कशी?

बाजरीची कापणी झाल्यावर एका सकाळी पारे सायकलवरून आला. जुनी, रंग उडालेली, मागे यंत्र बांधलेलं. शेंगदाणेवालीने कान टवकारले. मी तर उत्तर आधीच जुळवून ठेवलं होतं. पारेने सायकल स्टँडवर लावली. कुलूप घातलं. मग माझ्यासमोर येऊन हात पुढे केला.

"बिल्ला द्या, काबोरेसाहेब."

मी एकतीस नंबरचा दिला. त्याने तो हँडलवरच्या बिल्ल्याशी पडताळून पाहिला, सदऱ्याच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं. परत आला तेव्हा बिल्ला आणि पंचवीस फ्रँक माझ्या तळहातावर ठेवले. भज्यांची बाई हसायला तयार होऊन बसली होती. ती तशीच बसून राहिली.

तो रस्त्याला लागला. कात्री वाजली, आणि मोपेडवाल्यांनी त्याला वाट दिली.