सौनाच्या ओसरीवरचा पहिला श्वास

मित्रांनो, धुराड्यात नळी घालून धुरात विषारी वायू किती आहे ते सांगणारा मी एक म्हातारा धूरमापक. जन्म जर्मनीतला, पण सारी हयात गेली फिनलंडमध्ये, ताउनोच्या निळ्या पेटीत. ताउनो गावोगावचे बॉयलर तपासत फिरायचा.

एकदा माझा मोठा गोंधळ उडाला. तुम्ही म्हणाल, यंत्राला कसला आलाय गोंधळ? पण मला घडवलेच असे आहे, की सुरू होताना पोटात जाईल ती पहिली हवा मी शुद्ध धरतो. पुढचे सारे आकडे त्या पहिल्या श्वासाशी ताडून सांगायचे. तो कुठे घ्यायचा, हे काही माझ्या हातात नाही. म्हणून ताउनो मला नेहमी मोकळ्यावर नेऊन सुरू करी.

एका शनिवारी आम्ही तळ्याकाठी रायलीकडे गेलो. लाकडाच्या चिपा जाळून ती गावच्या शाळेला ऊब पुरवायची. मुलांचे घसे खवखवतात अशी कुरबुर सुरू झाली होती. धुरात विष मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर बॉयलर बंद, असे गावसभेने तिला बजावले होते. बिचारीचा सारा जीव त्या बॉयलरात अडकलेला.

शनिवारी पाहुणा आला की तिकडे वाफेच्या अंघोळीसाठी सौना पेटलाच पाहिजे. तो तापेपर्यंत मोजमाप उरकायचे ठरले. ताउनोने सौनाच्या ओसरीवर बसून कॉफी पिता पिता मला सुरू केले. ओसरीवरच्या हवेसारखी निर्मळ हवा देवाच्या घरीही नसेल, असे त्याचे मत. त्या दिवशी थंडी इतकी होती की सौनाचा धूर वर न जाता ओसरीवरच उतरत होता. मी तो ओढला आणि इमानाने त्याला शुद्ध म्हटले.

बॉयलरच्या धुरात मी मर्यादेच्या आतला आकडा दाखवला. रायलीने डोळे पुसले. ताउनोने माझी पाठ थोपटली. मग बंद करण्याआधी माझे पोट साफ करायला त्याने मला अंगणापलीकडे मोकळ्यावर नेले, आणि माझा आकडा शून्याच्या खाली घसरला. मित्रांनो, मुळीच नसण्यापेक्षाही कमी विष असते का? मला काहीच उमगेना.

ताउनोने मला हलवले, दोन थापट्या दिल्या. "म्हातारा खुळावला," तो म्हणाला. "आता याला भंगारातच टाकायचं."

मी खरंच घाबरलो. खोटा मी, की हवा? तेवढ्यात ताउनोने आपल्या कोटाची बाही हुंगली आणि तो थबकला. बाहीला सौनाच्या धुराचा वास येत होता. तो मला गोठलेल्या तळ्याच्या मध्यापर्यंत घेऊन गेला. तिथे त्याने मला नवा श्वास दिला आणि परत येऊन बॉयलरचा धूर पुन्हा मोजला. या खेपेस आकडा मर्यादेच्या बाहेर गेला.

रायलीने वाकून तो आकडा पाहिला. मग तिने हळूच विचारले, "मघाचा आकडा चुकीचा होता, हे कोणाला ठाऊक आहे?"

"तुला, मला नि या म्हाताऱ्याला."

"आणि पोरांच्या घशांना," ती म्हणाली. "जा, सौना तापलाय. मी बॉयलर विझवून येते."

चिपा बर्फाखाली ओलावल्या होत्या. तिने त्या वाळवल्या, हवेची झडप नीट केली. तोवर शाळा तेलाच्या जुन्या भट्टीवर चालली आणि गावाने तिला नाही नाही ते ऐकवले. पुढल्या तपासणीत ती जेमतेम पास झाली. तो आकडा सांगताना मला जितका आनंद झाला, तितका कधीच झाला नव्हता.

आता मी ताउनोच्या माळ्यावर पडून आहे. इथे कुबट वास येतो म्हणतात. मला कसे कळणार? मित्रांनो, कोणाचे म्हणणे वेडेवाकडे वाटले तर त्याला भंगारात काढण्याआधी, पहिला श्वास आपण त्याला कुठे दिला होता, ते जरा आठवा. आणि मला कधी सुरू केलेत, तर कृपा करून आधी बाहेर न्या. नाहीतर मी या माळ्यालाच शुद्ध म्हणेन.