उघड्या तोट्या

आमच्या गावात नळ कोणी बंद करत नसे. पाणी चौथ्या दिवशी यायचं, तेही कधी याचा नेम नाही, म्हणून तोट्या सताड उघड्या. फसफस ऐकू आली की घरोघरी पळापळ. आधीचं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतायचं आणि पिंपं पुन्हा काठोकाठ भरायची. चढावरच्या वस्तीपर्यंत मात्र थेंब पोचत नव्हता. पाण्याच्या नावानं ओरडणारं गाव निम्मं पाणी मोरीला पाजत होतं.

पाणीपुरवठ्याची अभियंता मी. साहेबांना म्हटलं, “थोडंच द्या, पण रोज द्या. लोक साठवणार नाहीत, ओतणारही नाहीत. वरच्या वस्तीलाही पुरेल.”

साहेबांनी आठवडा दिला. नाही जमलं तर पुन्हा चौथा दिवस, आणि वरच्या वस्तीच्या नशिबी कायमचा टँकर.

तीन दिवसांत गावची टाकी निम्म्यावर आली. रोज पाणी, म्हणून रोज ओताओत. मी चिडले, पण कोणावर चिडणार? आमच्या घरातही तेच चाललं होतं. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका, आणि गल्ली अजूनही त्यांच्याकडे बघूनच चालायची.

“आई, आता पिंप भरू नका.”

“उद्या आलं नाही तर? सरकारी खात्यावर विसंबायचं माझं वय गेलं.”

“खात्यावर नका विसंबू. माझ्यावर विसंबा.”

संध्याकाळी पिंप रिकामं झालं, तसं सासूबाईंनी ते दारात पालथं घातलं आणि त्यावर बसून पेपर वाचायला घेतला. गल्लीनं ते डोळे भरून पाहिलं.

सकाळी वेळ झाली तरी नळ कोरडाच. लोक बादल्या घेऊन बाहेर आले. लांबच्या नळांना वेळ लागतो हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी सारखी घड्याळाकडे बघत होते.

“येईल,” सासूबाई पिंपावरूनच म्हणाल्या. “आमच्या सूनबाईंनी सांगितलंय.”

मला भरून आलं. मग पाणीही आलं.

त्यांनी दोन बादल्या भरल्या आणि तोटी फिरवायला गेल्या. तोटी हलेना. इतक्या वर्षांत तिला कोणी फिरवलंच नव्हतं.

“पकड आण गं.”

आमचा नळ बंद झाला. पकड शेजारी गेली, तिथून समोरच्या घरी, आणि खालचे नळ एकेक करून बंद होऊ लागले. तेवढ्यात चढावरच्या शेवटच्या घरातून फोन आला. बाई वैतागल्या होत्या.

“अहो मॅडम, पाणी आलंय, बादली भरून वाहतेय, आणि हा मेला नळ बंदच होत नाही.”

मी पकड मागून घेतली आणि चढाला लागले.