पाटीमागचा निळा

शटरच्या बटणाशेजारी ज्वारीच्या दाण्याएवढा रंग उडाला होता. दीपमालानं भिंग धरून पाहिलं, तेव्हा त्या खळग्यात तीन कडा दिसल्या. बाहेरची काळी, मधली अस्तराची राखाडी, आणि तळाशी पितळेचा पिवळा ठिपका. पितळेवर कुठंही हिरवा कळंक चढलेला नव्हता. एवढ्या जुन्या कॅमेऱ्याच्या मानानं हे नवलच होतं.

नवल खरं तर दुसरंच होतं. कॅमेऱ्यात तिला काही बिघाडच सापडत नव्हता.

"व्ह्यूफाइंडरची काच बुरसलीय," असं तिचे वडील अण्णा दिवाळीपासून म्हणत होते. "समोरचा माणूस धुक्यात उभा असल्यागत दिसतो. असा कॅमेरा घेऊन वेरूळला जाऊन काय करू?" वेरूळला जाऊन सकाळच्या उन्हात लेण्यांचा एक रोल काढायचा, हे त्यांच्या मनात कधीपासून होतं.

तिनं काच उतरवली, भिंगाखाली सगळ्या बाजूंनी फिरवली. बुरशी नव्हती, ओरखडाही नव्हता.

"काच स्वच्छ आहे, अण्णा."

"मग बसवताना नीट पूस. अन् खोललाच आहे तर रंगवून टाक. काळा नको, लई झाला काळा. आपल्या दुकानाच्या दाराचा निळा दे."

पैठण गेटजवळ अण्णांचा, म्हणजे बद्रीनाथांचा, फोटो स्टुडिओ होता. लोक पाटी वाचत नसत, निळ्या दाराचा फोटोवाला एवढंच म्हणत. आता तिथं भाडेकरूचं मोबाइल कव्हरांचं दुकान होतं आणि दार राखाडी झालं होतं. निळा उरला होता तो अण्णांच्या आठवणीत.

दीपमाला वाळूजच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायची. रंग जुळवणं हेच तिचं काम. ती पत्र्याच्या तुकड्यांवर निळे नमुने करून घरी आणू लागली. अण्णा तुकडा घेऊन गॅलरीत जायचे, हात लांब करायचे, डावा डोळा मिटायचे आणि उजव्यानं रोखून बघायचे.

"हा मळका आहे. नीळ टाक अजून."

ती टाकायची. पुढच्या खेपेला तेच. "ह्याच्यात पिवळं कुठून आलं गं?"

पिवळं नव्हतंच. यंत्रावर तिनं दोनदा तपासलं होतं. आठवणीतले रंग खऱ्यापेक्षा गडद होतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून आधी तिनं सगळा दोष आठवणीवर ठेवला. मग वाटलं, गॅलरीतल्या हिरव्या ताडपत्रीचा उजेड पडत असेल. तिनं ताडपत्री गुंडाळली. उत्तर बदललं नाही. शेवटी ती तुकड्याकडे न बघता अण्णांकडे बघू लागली, आणि तेव्हा कुठं तो मिटलेला डावा डोळा तिच्या ध्यानात आला. जन्मभर त्यांनी जग असंच पाहिलं होतं, डावा मिटून, उजव्यानं. इतकी सवयीची गोष्ट, की घरात कुणाला ती दिसतच नव्हती.

डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन वर्षं लोटली होती. उजव्याला त्यांनी हात लावू दिला नव्हता. "डावा कुणाचाबी असू दे, उजवा माझ्या कामाचा डोळा आहे," असं म्हणून ते विषय तोडायचे. मोतीबिंदू पिकत चाललाय, जितका उशीर कराल तितकं अवघड होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि डाव्यानं जे लख्ख दिसायचं, त्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "आत बसवलेलं कंपनीचं भिंग ते. सगळंच निळंशार दाखवतंय. त्याचं काय खरं?"

पिकलेला मोतीबिंदू पिवळट-तपकिरी असतो आणि निळा उजेड अडवतो. दीपमालाला हे सांगता आलं असतं. पण याआधी सांगितलेलं सगळं वाया गेलं होतं. शिवाय अण्णांचा उजवा डोळा अखेर कुठल्या निळ्यावर थांबतो, ते तिला स्वतःलाच बघायचं होतं. अण्णांनी "हां, हाच!" म्हटलं तो तुकडा घेऊन ती मोहियोद्दीनचाचांकडे गेली. स्टुडिओमागच्या गल्लीत ते मोटारसायकलींच्या टाक्या रंगवायचे.

चाचांनी तुकडा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "बेटी, ये दरवाजे का निळा नाय. ये तो बँडवाल्याच्या कोटाचा आहे!"

"अण्णांनी पसंत केलाय, चाचा."

"मग मारतो. माझ्या बापाचं काय जातंय!"

रविवारी अण्णा कॅमेरा घ्यायला स्वतः आले. गल्लीतली दोन माणसं तो जांभळट, डोळ्यांत घुसणारा निळा बघून थबकली. अण्णा मात्र डावा डोळा मिटून खूश होते. "हुबेहूब!"

"दाराशी लावून बघू," दीपमाला म्हणाली. "पाटीमागं जुना रंग असेल ना?"

"असणारच. पाटी मीच ठोकली होती. नंतर कुणी हलवलीबी नाय."

भाडेकरूला विचारून चाचांनी स्टूल लावलं आणि पाटीचे खिळे उपटले. दाराच्या माथ्यावरच्या राखाडी फळीच्या मधोमध, पाटीच्या मापाचा, ऊन-पाऊस न पाहिलेला निळा चौकोन उघडा पडला. अण्णांनी कॅमेरा त्याच्या खाली धरला, डावा डोळा मिटला.

"हे ते नाय," ते म्हणाले. "हा हिरवट आहे. कुणीतरी दुसरा रंग मारलाय."

"पाटीच्या आतून मारला काय रे?" चाचा स्टुलावरून म्हणाले. "खिळे तुझे, गंज चढलेला. माझ्या हाताला लागलाय बघ."

अण्णांनी कॅमेरा आणखी वर धरला. पुन्हा बघितलं. दीपमाला शेजारी उभी होती. तिनं फक्त हळूच म्हटलं, "एकदा दुसऱ्या डोळ्यानं बघा, अण्णा."

त्यांना उजवा डोळा मिटायची सवयच नव्हती; पापणी नुसती फडफडली. मग त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

बराच वेळ ते वर बघत राहिले. त्या चौकोनाकडे बघताना त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं.

"हाच की," ते पुटपुटले. "हाच होता." मग मान खाली घालून हातातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं आणि दचकून तो लांब धरला. "आरं तिच्या! हे काय करून ठेवलं?"

"तूच केलं," चाचा हसत म्हणाले. "बेटी तो बिचारी तुझंच ऐकत होती."

अण्णांनी तळहात काढला, पुन्हा ठेवला. एकदा उजवा, एकदा डावा. निळा येत होता, जात होता. हे ते किती वेळ करत राहिले असते कोण जाणे. रस्त्यावर रिक्षावाला हॉर्न देऊ लागला, तेव्हा ते बाजूला सरकले.

"खरवडून परत मारू का, बद्रीभाई?" चाचांनी विचारलं. "दाराचाच, खरा?"

"थांब जरा. राहू दे हा." कॅमेऱ्याचा पट्टा त्यांनी गळ्यात अडकवला. "दीपे."

"हं?"

"डॉक्टरला फोन लाव. उजव्याचं करून टाकू."