हाताला बसेपर्यंत

आमच्या दुकानाच्या पाटीवर नावाखाली एक ओळ आहे. ती रंगवून घेण्याआधी ह्यांनी मला विचारलं असतं, तर मी रंगाचा डबाच लपवून ठेवला असता. ‘पेन हाताला बसेपर्यंत जबाबदारी आमची.’ रोह्याच्या बाजारात शेजारचा घड्याळवाला वर्षाची गॅरंटी देतो, पलीकडचा रेडिओवाला सहा महिन्यांची देतानाही तोंड वाकडं करतो. आणि आमच्या घरच्या शहाण्याने ना वर्ष लिहिलं ना महिना, सगळं लोढणं आपल्याच गळ्यात बांधून घेतलं.

हे म्हणजे नाथा, माझे यजमान. एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, काळी कांडी लेथवर लावायची आणि तिच्यातून एकेक पेन कातून काढायचं, हा ह्यांचा धंदा. तोही साधा सरळ नाही. गिऱ्हाइकाला आधी समोर बसवायचं, चार ओळी लिहायला लावायच्या, तो पेन कुठे धरतो, किती दाबतो, ते बघत राहायचं. मग त्याच्या बोटांच्या मापाने पेन कातायचं आणि त्याच्या वळणाप्रमाणे निब घासून द्यायची. बाजारात बॉलपेनांचा नुसता सुळसुळाट झाला होता, तरी गुरुजी, तलाठी, धाटावच्या कंपन्यांतले बाबू आमच्याकडे येत होते. पेन करायचं काम ह्यांचं आणि परत आलेलं पेन घ्यायचं काम माझं. म्हणजे कौतुक ह्यांच्या वाट्याला आणि तक्रारी माझ्या.

माझं तर स्पष्ट मत आहे, पेन आपणहून कधी बिघडत नाही, माणसं ते बिघडवतात. खांब गावच्या एका गुरुजींनी दसऱ्याला पेन पूजेत मांडलं, हळदकुंकू थेट निबेवर वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी शाई उतरत नाही म्हणून माझ्यापुढे येऊन बसले. वडखळच्या एका हॉटेलवाल्याने टोपणाच्या क्लिपने सोड्याची बाटली उघडायचा प्रयत्न केला होता. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. ह्यांनी मात्र पेन हातातून काढून घेतलं, काही न बोलता नीट करून दिलं आणि वर त्याला चहा पाजला. तो चहाही मीच केला.

काळुरामभाऊंची गोष्ट यात बसणारी नव्हती. ते पेणचे, गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे. पेणमध्ये गणपतीचे कारखाने घरोघर आहेत, पण डोळे काढावेत काळुरामभाऊंनी, असं सगळेच म्हणायचे. मूर्ती रंगून तयार झाली तरी डोळे काढेपर्यंत ती नुसती माती. हा माणूस बारीक ब्रश घेऊन समोर बसायचा, श्वास धरायचा, आणि एका दमात रेघ उतरली की मूर्ती तुमच्याकडे बघायला लागायची. आमच्या घरचा गणपती माझ्या लग्नापासून त्यांच्याच शेडमधला.

एकदा गणपती आणायला गेलो तेव्हा ह्यांनी त्यांना विचारलं, “तुमच्यासाठी एक पेन करू का?” प्रत्येक मूर्तीच्या पाटाला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावतात, ती काळुरामभाऊ स्वतः लिहायचे आणि डोळ्यांइतकीच सुरेख लिहायचे. ह्यांनी त्यांच्यासाठी सडपातळ पेन कातलं, केसासारखी बारीक निब घासली. ते पेन पहिल्याच दिवशी त्यांच्या हाताला बसलं. त्यानंतर कित्येक वर्षं तक्रारीचा शब्द नाही. असं गिऱ्हाईक सगळ्यांनी व्हावं, असं मी येणाऱ्या जाणाऱ्याला ऐकवायची.

आणि एका वर्षी शिमगा झाल्यावर काळुरामभाऊ एसटीने रोह्याला आले. गल्ल्यासमोर पेन ठेवलं आणि म्हणाले, “वहिनी, ह्याची काय ती खोड बघा. रेघ सरळ येत नाय. थरथरतं.”

ह्यांनी पेन उघडलं, धुतलं, काचेवर निब फिरवली, स्वतः लिहून बघितलं. रेघ दोऱ्यासारखी सरळ. तरी गिऱ्हाइकाचा शब्द म्हणून पुन्हा पॉलिश केलं आणि दिलं. अक्षयतृतीया झाली तसे भाऊ परत हजर, तीच तक्रार. ह्यांनी निब बदलली, निबेखालची जीभ बदलली. पाऊस सुरू होऊन शेतं लावायच्या वेळेला भाऊ तिसऱ्यांदा आले, छत्री गळते आहे आणि पेन मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत दोनदा गुंडाळलेलं.

दुसऱ्या खेपेपासूनच ह्यांचा चेहरा बघवेना. जेवताना गप्प, लेथवर बसले की कांडी डोळ्याजवळ नेऊन फिरवून बघायचे. “मालच खराब आला असल,” म्हणायचे. “माझंच काहीतरी चुकतंय गो.” आता तर अख्खं पेन नव्याने करून द्यायचं ठरवलं. मला राग आला. पेनाचा नाही, ह्यांचा. ज्या हाताने इतकी वर्षं पेनं केली त्यावरचा विश्वास एका माणसाच्या तक्रारीने उडावा?

त्या तिसऱ्या खेपेला मी चहा आणला. काळुरामभाऊ चहा नेहमी बशीत ओतून प्यायचे, आणि पिताना असा काही फुर्रकन आवाज काढायचे की घड्याळवाला पलीकडून हसायचा. त्या दिवशी त्यांनी बशी बाजूला सरकवली. “कपच बरा,” म्हणाले आणि कप दोन्ही हातांनी धरला. मी बघत राहिले. कप ओठांपर्यंत गेला तो सरळ गेला नाही. थोडा चहा शर्टावर सांडला. त्यांनी तो पुसला नाही, मला दिसला नसेल अशा थाटात पावसाबद्दल बोलत राहिले.

ते गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, “पेन नका करू नवं. पेनाला काय धाड भरलेली नाय. हात थरथरतोय भाऊंचा.”

“काळुरामचा हात?” हे माझ्यावर खेकसले. “कायतरी बोलू नको.” मग लेथ बंद केला आणि कांडी बाजूला ठेवली. हळूच म्हणाले, “त्याला म्हाईत असल का गो?”

“तेच तर,” मी म्हटलं. “जवर पेन बिघडलंय तवर हात बरा हाय. म्हणून तर येतात एसटीचे धक्के खात.”

मला वाटलं, आता हे भाऊंना स्पष्ट सांगतील. पण ह्यांचं डोकं वेगळंच चालतं. म्हणाले, “पाटीवर काय लिवलंय? हाताला बसंपर्यंत. हात बदलला तर पेन बदलायला नको?” आणि दुसऱ्या दिवसापासून एक जाडजूड पेन कातायला घेतलं. अंगठ्याएवढं जाड, मागच्या बाजूला आत पितळेचं वजन, निब रुंद आणि गोलसर, म्हणजे बारीक थरथर कागदावर उमटू नये. पेन कसलं, मुसळ. लिहून बघितलं तर माझंसुद्धा अक्षर शहाण्यासारखं आलं.

पण एवढ्याने भागणार नव्हतं. मी म्हटलं, “पेन कराल हो. भादव्याआधी भाऊ डोळे कशाने काढणार? ब्रशवर नाय तुमची गॅरंटी. लोकं मूर्ती सांगून बसलीत. एका मूर्तीचा डोळा वाकडा गेला तर गावभर होईल, आणि जन्मभराचं नाव जाईल एका भादव्यात.” मला वाटतं त्याच वेळी ह्यांनी दुसरी कांडी काढली.

नागपंचमी झाली आणि आम्ही दोघं दुकान बंद करून पेणला निघालो. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन पेन द्यायची ही आमची पहिली वेळ. एसटीत हे पिशवी मांडीवर घेऊन बसले होते आणि मी शेजारी बसून भाऊंना काय सांगायचं त्याचे शब्द जुळवत होते. नागोठण्यापर्यंत दहा तऱ्हा करून झाल्या, एकही धड वाटेना.

शेडमध्ये शिरलो आणि माझे शब्द तिथेच राहिले. फळ्यांवर मूर्तींच्या रांगा, पीतांबर रंगलेले, शेले रंगलेले, सोंडेवरची नक्षी झालेली, आणि एकीलाही डोळे नाहीत. दर वर्षी या दिवसांत निम्म्या मूर्ती बघत असायच्या.

“पावसाने रंग सुकत नाय,” काळुरामभाऊ आपणहूनच म्हणाले. मी तर काही विचारलंसुद्धा नव्हतं.

त्यांची सून सगुणा एका कोपऱ्यात उंदरांना रंग देत होती. मुलगा जनू कंपनीत शिफ्टला जातो, त्याला मातीची आवड नाही. शेड चालते ती सासरा आणि सून यांच्यावर. पाणी द्यायच्या निमित्ताने ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, “काकी, मामा दिसभर नुसता काळा रंग ढवळतात. ब्रश हातात धरत नायत.” मी तिला विचारलं, “मग तू काढ की.” ती म्हणाली, “त्यांना इचारील कोण?”

इकडे ह्यांनी जाड पेन भाऊंच्या हातात दिलं. भाऊंनी ते उलटसुलट बघितलं आणि एका चिठ्ठीवर आमचंच नाव लिहिलं. अक्षर ठसठशीत, सरळ. भाऊंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. “बघा,” ते म्हणाले. “सांगत नव्हतो? पेनातच खोड होती.”

मला वाटलं, झालं, सगळं उलटंच झालं. आता ते ह्याच भरवशावर ब्रश उचलणार. मी ह्यांच्याकडे रागाने बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पिशवीत हात घातला आणि दुसरी वस्तू काढली. एक ब्रश. दांडी त्याच काळ्या एबोनाइटची, तितकीच जाड, मागे तसंच वजन, आणि पुढे बारीक केसांचं टोक. तो त्यांनी भाऊंच्या समोर ठेवला आणि मान खाली घातली.

काळुरामभाऊंनी तो बघितला. मग ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पाण्याच्या तांब्याकडे बघितलं. आम्हाला माहीत आहे, हे त्यांना कळलं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला लाज वाटली, उगाच आलो असं झालं.

भाऊंनी ब्रश उचलला. जवळची एक लहान मूर्ती पुढे ओढली, रंगात टोक बुडवलं, श्वास धरला. डाव्या डोळ्याची वरची रेघ उतरली, सुरेख उतरली. उजव्या डोळ्याला हात अर्ध्यावर गेला आणि तिथे थांबला. दांडी जड होती, तरी टोक हललं. भाऊंनी ते टेकवलंच नाही. हात मागे घेतला, ओल्या फडक्याने डावा डोळाही पुसून टाकला, अगदी हलक्या हाताने, लहान पोराचं तोंड पुसावं तसा.

“सगुणा,” ते म्हणाले. “ये गो. बस हितं.”

ती आली. हात पुसत, घाबरत बसली.

“उंदराचे डोळे किती वर्सं काढतेस?”

“लगीन झाल्यापासून, मामा.”

“मला वाटलं व्हतं, मी नसताना देवाचा पण काढून बघितला असशील.”

सगुणाने मान खाली घातली. म्हणाली, “बघितलाय. पुसला.”

भाऊ हसले. त्या वर्षात मी त्यांना पहिल्यांदा मोकळं हसताना बघितलं. त्यांनी तो जाड ब्रश तिच्या हातात दिला. तिची बोटं बारीक, दांडीभोवती नीट पुरेनात. तिने दोनदा धरून बघितला, मग उंदरांजवळचा आपला जुना ब्रश घ्यायला हात लांबवला.

“तो नको,” भाऊ म्हणाले. “तो उंदराचा. देवाच्या डोळ्याला आपल्या मापाचा ब्रश पायजे.” आणि ह्यांच्याकडे वळले. आवाज नेहमीसारखाच तक्रारीचा, गल्ल्यासमोर उभे असल्यासारखा. “नाथाभाऊ, ही दांडी हिच्या हाताला बसत नाय. तुमच्या पाटीवर काय लिवलंय?”

मला रडू आलं. तांब्या खाली ठेवून मी पदराने डोळे पुसले आणि कोणी बघितलं तरी मला त्याचं काही वाटलं नाही.

हे सगुणेसमोर जाऊन बसले, तिला ब्रश धरायला लावला, तिचा अंगठा कुठे टेकतो, पहिलं बोट कुठे येतं, ते बघितलं आणि तिथे नखाने खूण केली. मग शेडच्या उंबऱ्यावर बसून पिशवीतल्या कानशीने दांडी घासायला लागले. काळा भुगा ह्यांच्या धोतरावर पडत होता.

काळुरामभाऊंनी जाड पेन उघडलं, चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि नावं लिहायला घेतली. मधूनच मान वर करून म्हणत होते, “अजून बारीक करा. अजून थोडी.”