वीतभर खोल

मी कुदळ बोलतेय. बोलायची मला सवय नाही. आमच्या घराण्यात बोलण्यापेक्षा घाव घालण्यालाच मान. पण पलूसच्या तवनाप्पांच्या परसात जे घडलं, त्याची गावाने भलतीच कहाणी करून ठेवली आहे. ती ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो, म्हणून आज तोंड उघडलं.

माझा जन्म उंब्रजच्या लोहाराच्या भट्टीतला. बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव वितळायला टाकावी अशी झिजली होती, तिच्यातून त्याने मला घडवलं. लालबुंद तोंड पाण्यात बुडवलं तेव्हा मी जी किंचाळले ती अजून आठवते. लोहार म्हणाला, "पाणी पाजल्याबिगर लोखंडाला धार न्हाई." तेच पाणी पुढे लोखंडाला खातंही, हे मात्र तो बोलला नाही. ते मी तवनाप्पांकडे शिकले.

बाजारात मला रंगूबाईने उचललं. तिचा नवरा पलटणीत, लढाईवर, दूर मिसर देशात. इथे शेत, गोठा, सासू सगळं तिच्या एकटीच्या गळ्यात. तिच्या हाताला दम होता. माझ्या बाभळीच्या दांड्यावर तिच्या तळव्यांची जागा पडली आहे, ती अजून पुसलेली नाही.

तवनाप्पा तिचे शेजारी. किराणा मालाचं दुकान, धर्माने जैन, नेमाधर्माला पक्के. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून रस्त्याने खाली बघत चालणार. सूर्य मावळला की जेवण बंद. कांदा, लसूण, मुळा घरात यायचा नाही आणि फडक्यातून गाळल्याशिवाय पाणी ओठाला लागायचं नाही. जमीन खणणं तर त्यांच्या लेखी पापच, कारण मातीत किती जीव राहतात! असा माणूस त्रेचाळीस सालच्या दसऱ्यानंतर एका सकाळी रंगूबाईच्या दारात येऊन म्हणाला, "रंगूबाई, जरा कुदळ द्या. परसात भाजी लावावी म्हणतो."

रंगूबाई बघतच राहिली. "तुमी? आवं आण्णा, कुदळीचं तोंड कंचं, ते तरी ठावं हाय का तुमास्नी?"

"सरकार सांगतंय न्हवं, भाजी पिकवा, धान्य पिकवा," ते दुसरीकडे बघत म्हणाले.

तवनाप्पांच्या परसात त्यांची सून गुणमाला उभी होती. तिच्या पदराखाली बिस्किटांचा चपटा पत्र्याचा डबा होता आणि तोंडावर रक्त नव्हतं. तिचा नवरा धरणेंद्र, म्हणजे तवनाप्पांचा एकुलता एक मुलगा, बेचाळीसपासून भूमिगत होता. आदल्या दिवशी दिवेलागणीला उभ्याउभ्या येऊन तो हा डबा ठेवून गेला होता. तवनाप्पांनी झाकण उघडलं. तेलकट फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल होतं. माझ्याच लोखंडाचं, पण काय त्याचा तोरा!

"काय म्हणाला त्यो?" तवनाप्पांनी विचारलं.

"फाल्गुनात येऊन नेतो म्हणाले. गावातल्या त्या खबऱ्याला..." गुणमालाने झाकण पुन्हा लावून टाकलं.

पोलिसांना बातम्या देणारा तो खबऱ्या कोण, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्याची पोरं रोज दुकानात गुळाचा खडा मागायला यायची. डबा सापडला तर मुलगा हातचा जाणार आणि नाही सापडला तर त्या पोरांचा बाप जाणार. म्हाताऱ्याची अशी दोन्हीकडून कोंडी झाली होती.

परक्याचं तान्हं मूल उचलावं तसं त्यांनी मला उचललं. पहिला घाव वाकडा, दुसरा त्यांच्याच पायावर पडता पडता वाचला. तिसऱ्या घावाला गांडूळ निघालं. तवनाप्पांनी मला खाली ठेवलं, गांडूळ पानावर घेतलं आणि केळीच्या सावलीत नेऊन सोडलं. पुन्हा घाव, पुन्हा गांडूळ. वीतभर खड्डा झाला तेव्हा त्यांनी मला बाजूला ठेवलं. "बास," ते म्हणाले. "ह्याच्या खाली माझ्यानं व्हायचं न्हाई." मी मनात ओरडत होते, आणखी खोल, आणखी खोल! पण कुदळीचं ऐकतो कोण? डबा ठेवला आणि वर जेमतेम चार बोटं माती आली.

नुसती उकरलेली माती लगेच डोळ्यात भरते. ती झाकायला भाजी हवी होती. तवनाप्पांनी दुकानातले धने आणून अख्खेच्या अख्खे पेरले आणि वरून पाणी घातलं, तेही फडक्यातून गाळून! कुंपणापलीकडून रंगूबाईला हसू आवरेना. "आण्णा, धनं रगडून फोडायचं असत्यात, मग पेरायचं. आन् मातीला गाळून पाणी पाजणारं तुमीच पयलं!"

"लवकर उगवंल असं काय हाय का?" तवनाप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज ऐकून ती हसायची थांबली.

"मुळा हाय. चार दिसांत वर येतोय. तुमास्नी चालत न्हाई, मी नेईन उपटून."

मुळा खरंच चार दिवसांत उगवला. परस हिरवं झालं, आणि घरातल्या दोघांना जरा झोप लागली असावी. पण मुळा ही खाली वाढणारी भाजी, हे त्या नवशिक्याला कुठलं सुचायला? पत्र्याला टेकल्यावर मधल्या मुळ्यांना खाली जायला वाट राहिली नाही, म्हणून ते वर येऊ लागले. कडेचे मुळे गळ्यापर्यंत मातीत, आणि मधले अर्धेअधिक उघडे. डब्याची चौकटच जमिनीवर आखल्यासारखी दिसू लागली.

ते आधी रंगूबाईने पाहिलं. तिने मधला एक मुळा उपटला. त्याचं बूड चपटं होतं. तिने मुळ्याकडे पाहिलं, मग तवनाप्पांच्या तोंडाकडे. धरणेंद्र का घरी नाही, हे तिला माहीत होतंच. मुळा तिने गुपचूप ओटीत टाकला. "आण्णा, ह्यो वाफा आजपासनं माझ्याकडं अर्धलीनं. जागा तुमची, राबणं माझं, पीक निम्मं-निम्मं. कुणी इचारलं तर तसंच सांगायचं."

विचारणारे चौथ्याच दिवशी आले. फौजदार आणि शिपाई, धरणेंद्रच्या हत्याराच्या वासावर. घरात कणगी उपसली, दुकानातली पोती पालथी केली, आणि फौजदार परसात आला. तो जतकडचा, कोरड्या मुलखातल्या शेतकऱ्याचा मुलगा. हिरवं दिसलं की त्याची नजर आपसूक तिकडे जाई.

"शेटजी, जैनाच्या परसात मुळा?"

"मुळा माझा हाय, सायेब!" रंगूबाई कुंपणावरून ओरडली. "अर्धलीनं लावलाय."

फौजदाराने मधलाच मुळा उपटला आणि बोटांत फिरवला. "बूड असं चपटं? आमच्या जतला खाली खडक असतोय, तवा असं हुतंय. हितं काळ्या रानात खडक कुठला?"

गुणमालाच्या कमरेवरच्या घागरीतून पाणी सांडत होतं. तिला भान नव्हतं.

"शेटजी, तुमी सांगा. तुमी खोटं बोलत न्हाई म्हणतंय गाव."

तवनाप्पांनी हात जोडले. "मी खोल खणलं न्हाई, सायेब. खणताना गांडुळं तुटत हुती. माझ्यानं बघवंना. वीतभर खणलं आन् थांबलो."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

फौजदाराने शिपायाला खूण केली. शिपायाने मला उचललं. पहिला घाव वाफ्याच्या कडेला पडला, नुसती माती निघाली. दुसरा हातभर पुढे, तिथेही माती. तिसऱ्या घावाला मी हवेत उचलले गेले तेव्हा खाली बरोबर डबा होता. पत्र्यावर लोखंड पडलं की कसा आवाज होतो ते मला माहीत आहे. कुदळीला आपलं तोंड फिरवता येत नाही हो! आयुष्यात मला कधी इतकी भीती वाटली नाही.

"थांबा!" तवनाप्पा माझ्याखाली आडवे आले. "गांडूळ! गांडूळ हाय तिथं!"

आणि खरंच, दुसऱ्या घावाच्या ढेकळात एक गांडूळ तुटून तडफडत होतं. त्याचे दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन तो म्हातारा ढसाढसा रडू लागला. ते रडणं कशाकशाचं होतं ते त्यालाच ठाऊक. पण सोंग नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगते.

फौजदार पोट धरून हसला. "चल रं. गांडुळासाठी रडणारा माणूस पिस्तूल काय लपवणार!"

त्या दिवसापासून गावात त्यांचं नाव 'गांडूळ आण्णा' पडलं. भित्रा, बावळट माणूस, असं लोक म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताच आण्णांनी मला हातात घेतलं. मला वाटलं, आता डबा दुसरीकडे हलवणार. पण त्यांनी डब्याचं झाकण काढलं. तेलकट फडकं सोडलं आणि गुणमालाकडे चुलीत घालायला दिलं. उघडं पिस्तूल ओल्या मातीत ठेवलं आणि वरून माती सारली.

"अप्पा, ह्ये काय करताय? त्ये आल्यावर काय सांगू मी?" गुणमाला घाबरून म्हणाली.

"मी सांगतो. पोलिसानं माझं पोर मारू नये, आन् माझ्या पोरानं कुणाचं मारू नये. मला दोन्ही पायजे, बाई."

मग पाणी सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ घागरीमागून घागरी, सगळं गाळलेलं. रंगूबाई ओरडायची, "आण्णा, लय पाणी! मुळं कुजाय लागली की!" ते खाली मान घालून ओतत राहायचे. मी भिंतीला टेकून ऐकायचे. खाली त्या तोऱ्याच्या लोखंडात गंज शिरत होता. मला वाईट वाटायचं, आपलंच रक्त ते. पण फाल्गुनापर्यंत गंज पुरेल का, ही धाकधूक मलाही लागली होती.

फाल्गुनात एका तिन्हीसांजेला धरणेंद्र आला. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. त्याने मला उचललं आणि खणलं. पिस्तूल वर काढून पुसलं. घोडा ओढला, हलेना. दोन्ही अंगठे लावले, तरी हलेना.

"झाकण कुणी काढलं?"

"मी."

"अप्पा, आता मी हात हलवत जाऊ? त्यांनी मला गोळी घातली म्हंजे?"

"घातली तर मी मरंस्तवर रडंन," तवनाप्पा म्हणाले. "पर तू घातलीस, तर मी काय करू रं?"

धरणेंद्रने पिस्तूल वाफ्यात फेकलं. सूर्य केव्हाच मावळला होता, तरी तवनाप्पा म्हणाले, "जेवून जा." दिवेलागणीनंतर त्या घरात ताट मांडलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. तो ताटाला शिवला नाही. पुढच्याच महिन्यात तो पकडला गेला. त्याच्याजवळ हत्यार मिळालं नाही, म्हणून तुरुंगावर निभावलं. पुढे त्याच्या सोबत्यांकडून गोष्ट फुटली, तेव्हा गावाने मात्र म्हटलं, म्हाताऱ्याला धड पाणीसुद्धा घालता येईना, पोराचं हत्यार कुजवलं. तुरुंगात तवनाप्पा दोनदा भेटीला गेले. दोन्ही वेळा मुलगा बाहेर आला नाही.

रंगूबाईने मला परत मागितलंच नाही. माझं तोंड आता झिजलंय, पाचर सैल झालीय, पण तवनाप्पांचा हात माझ्यावर बसलाय. पिस्तूल त्या वाफ्यातच गंजून गेलं. धने ते आता रगडून पेरतात. मेथी, अंबाडी, दोडका, सगळं जमतं त्यांना. घाव घालण्याआधी मात्र अजून खाली वाकून बघतात. तुम्ही कधी मला उचललंत तर तेवढं करा, एवढंच माझं मागणं.

धरणेंद्र सुटून आला तो सेहेचाळीस साली. दुकानाच्या पायरीवर खबऱ्याची पोरं गूळ चघळत उभी होती. त्यांच्याकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग घरात न जाता सरळ परसात आला. तवनाप्पा वाफ्यात बसले होते, ते उठले नाहीत. हातातली माती तेवढी झटकली त्यांनी. धरणेंद्रने घागर उचलली, तिच्या तोंडाला गाळायचं फडकं बांधलं आणि वाफ्याशी वाकला.

"अप्पा, पाणी किती घालू?"

"बेतानं घाल, बाळा," तवनाप्पा म्हणाले. "आता नुसती भाजीच हाय."