डांबराचा तळ

लोहारा गावातल्या गॅरेजमध्ये मेकॅनिक भीमराजने आमच्या जुन्या अँबेसिडरमधली रबरी चटई उचलली आणि तळ खरवडायला घेतला. खरवडता खरवडता त्याला खालची जमीन दिसली.

"साकेतभाऊ, मी कंपनीचा मूळ रंग शोधून राह्यलो, अन् इथं पत्राच नाही. नुसतं डांबर हाये."

मला बाबांचा भयंकर राग आला. दर दसऱ्याला ते पाइपने पाणी सोडून गाडी आतूनसुद्धा धुवायचे, मग पूजा करायचे. धूळ आत येऊ नये म्हणून तळातली पाणी निघायची भोकं त्यांनीच बुजवली. गंजू नये म्हणून दरवर्षी डांबराचा नवा हात. त्या थराखाली पाणी मुरलं आणि पत्रा खात राहिलं. इतकं तर त्यांनी मलाही कधी जपलं नाही.

"नवा तळ टाक," मी म्हणालो.

"कायले टाकू? वेल्डिंग धरायले कडाच नाही उरल्या."

गाडी टेम्पोत घालून घरी आणली. बाबांना आता दिसत नाही. त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला.

"झाली न नवी? उद्या दसरा आहे, धुऊन टाक."

मी पाइप लावला. पाणी आत पडलं आणि सरळ मातीत गेलं. बाबा कान देऊन ऐकत होते.

"भोकं उघडी राहिली वाटते," ते म्हणाले. "डांबर आण. मी आहो तोवर गंजू देत नाही इले."